जावयाचा वाटा, व्याह्याच्या ताटात

आत-बाशीच्या खोऱ्यात कुणाच्या घरी मेंढी कापली की दोन माणसांना आधी निरोप जायचा. एक मुल्ला आणि दुसरा मोल्दोकुन. त्यातही मुल्ला उशिरा आला तर चालून जायचं. दुआ थोडी थांबते, शिजलेलं मटण थांबत नाही.

मोल्दोकुनला जेवायला बोलावत नसत, वाटे लावायला बोलावत. आम्हा किरगिझांत ताटात कुठलं हाड पडलं यावरून माणसाला आपली पायरी कळते. कमरेचं हाड सगळ्यांत थोर पाहुण्याला, व्याही आला असेल तर त्यालाच. शेपटीकडचं माकडहाड थोरल्या बाईला. छातीचा तुकडा जावयाला. मग मांडी, खांदा, नळी, फासळ्या असं उतरत उतरत दाराशी बसलेल्या पोराटोरांपर्यंत. कोण कुणाचा मामा, कोण कुणाहून सहा महिन्यांनी मोठा, कुणाची सून यंदा नवी आहे, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरून हात चालवावा लागतो. मोल्दोकुन ते बाह्या सरसावून, शेजाऱ्याशी गप्पा मारत करायचा. सुरी फक्त सांध्यात घालायची आणि हाड म्हणून फोडायचं नाही. त्याच्या हातचं खाऊन कुणी कधी रुसून गेलं नव्हतं, आणि आमच्याकडे रुसायला माणसं टपलेलीच असतात.

एरवी तो साधा ट्रॅक्टरवाला. सामुदायिक शेती होती तोवर तिथला ट्रॅक्टर चालवला, ती मोडल्यावर वाट्याला आलेल्या मेंढ्या राखल्या. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर, हिवाळ्यात खाली गावात. दिवसभर मीठ घातलेला दुधाचा चहा. डोकं दुखलं की कपाळाला रुमाल आवळायचा. गावच्या नर्सने एकदा त्याच्या दंडाला पट्टा बांधून पाहिलं आणि म्हणाली, "मोल्दोके, प्रेशर फार आहे हो तुमचं. गोळी रोज घ्या." त्याने पाकीट संपेपर्यंत घेतल्या. पाकीट संपलं म्हणजे आजारही संपला, असा त्याचा सरळ हिशोब.

त्याची बायको अनिपा. तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेही वाटे लावतानाच. तिच्या मावशीकडचं कार्य होतं आणि अनिपा दाराशी चहा ओतत बसली होती. तिथे बसणाऱ्या मुलीला फासळीचा तुकडा मिळाला तरी पुष्कळ. पण ताट आलं तर त्यात फासळीखाली एक अख्खा गुरदा लपवलेला. तिने मान वर केली. तो दुसऱ्याच कुणाशी बोलत होता, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होता. त्या माणसाने जन्मात वाटणीत मुद्दाम केलेली चूक ती एवढीच. अनिपाला ती तिरकी नजर पुढे कायम ओळखू यायची. मुलांना गुपचूप मिठाई देताना, शेजाऱ्याला फसवून पत्ते जिंकताना, तेव्हाही तो तसाच बघायचा. मुद्दाम काही करायचं म्हटलं की त्याचे डोळे आधी चहाडी करायचे.

त्यांची धाकटी लेक बुरुलचा डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एसेनकुलच्या घरी दिली. एसेनकुल म्हणजे ताठ मानेचा, घोड्यांचा शौकीन, मिशीला पीळ देणारा माणूस. बुरुलचाला मुलगा झाला. शरद ऋतूत ती बाळाला घेऊन पहिल्यांदा माहेरी आली, आणि बरोबर सगळं सासर आलं. अनिपाने चार दिवस आधीपासून बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले. मोल्दोकुनने सगळ्यांत गुबगुबीत मेंढी काढली.

हात धुऊन झाले, मटण आलं. मोल्दोकुन सुरी घेऊन बसला. अनिपाला तेव्हाच काहीतरी खटकलं. तो गप्पा मारत नव्हता. हाडांच्या ढिगाकडे बघत बसला होता, जसा एखादा अनोळखी गावात चौकात उभा राहून रस्ते बघतो. मग त्याने भराभर ताटं भरली.

कमरेचं हाड गेलं एसेनकुलची गाडी चालवणाऱ्या पोरगेल्या ड्रायव्हरच्या पुढ्यात. माकडहाड एका काकांना. आणि मानाच्या जागी बसलेल्या एसेनकुलच्या ताटात पडला छातीचा तुकडा. जावयाचा वाटा.

ड्रायव्हरने ताटाला हातच लावला नाही, बिचाऱ्याने हात पाठीमागे नेले. एसेनकुलचा मुलगा, म्हणजे खराखुरा जावई, छताकडे बघू लागला. एसेनकुलने मिशीला पीळ दिला.

"कुदा," तो म्हणाला, आमच्याकडे व्याही व्याह्याला अशीच हाक मारतो, "मला जावई करून घ्यायचं ठरवलंय का? एक मुलगी तर आमच्याकडे दिलीच आहे तुम्ही. आता आणखी कोण उरलीय घरात?"

दाराशी कुणीतरी फस्सकन हसलं. ते हसणं नसतं तर कदाचित निभावलं असतं. एसेनकुल उठला, हात चेहऱ्यावरून फिरवून दुआ आटोपली, आणि सगळं बिऱ्हाड अर्ध्या जेवणावरून घेऊन गेला. बुरुलचा गाडीत बसताना बाळाच्या दुपट्यात तोंड खुपसून रडत होती.

स्वयंपाकघरात अनिपाने नवऱ्याला गाठलं. "अहो, काय केलंत हे?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. एक क्षण त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ भीती होती. मग त्याने ती पुसून टाकली. "मुद्दाम केलं," तो म्हणाला.

"मुद्दाम?"

"लग्नात मानाचा घोडा म्हणून त्याने लंगडं जनावर आपल्या गळ्यात मारलं. इतके दिवस गिळून बसलो होतो. आज फेडलं."

घोडा अंगणातच उभा होता. आला त्या दिवशी खुरात खडा गेला म्हणून जरा लंगडला होता, एवढंच. पण अनिपा घोड्याचा विचार करत नव्हती. ती त्या तिरक्या नजरेचा विचार करत होती. वाटे लावताना ती नजर नव्हती. त्या माणसाने मुद्दाम केलं असतं तर तो तिच्याकडे पाहिल्याशिवाय राहिलाच नसता.

खोऱ्यात बातमी पसरायला वारा लागत नाही. मोल्दोकुनने विचारणाऱ्याला तेच कारण सांगितलं, मग जो तो लंगड्या घोड्याची गोष्ट सांगू लागला, आणि ती एसेनकुलच्या कानावर गेली तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. त्याने सांगून पाठवलं की त्या घराशी आमचं जाणंयेणं संपलं. बुरुलचा आईला चोरून फोन करायची. "आपा, सासरे नावही काढू देत नाहीत. नातवाची दोरी कापायची वेळ येईल तेव्हा तरी बाबा माफी मागतील का?"

मूल पाऊल टाकायला लागलं की आमच्याकडे त्याचे पाय काळ्या-पांढऱ्या दोऱ्याने बांधतात. मग गावातली मुलं धावत येतात, पहिला येणारा तो दोरा कापतो, आणि मूल मोकळं होतं. आईच्या आईबापांशिवाय हे कार्य कुणी करत नाही. केलं तर लोक वर्षानुवर्षं त्याचीच गोष्ट सांगतात. अनिपाचा पहिला नातू, आणि तो चालताना बघायला आपण नसणार, हे तिच्या घशाखाली उतरेना.

चुलतभाऊ इमानकुल, घराण्यातला थोरला, समजूत घालायला आला. त्याला एक शंका होती. "मोल्दोकुन, तुझं डोकं तर ठीक आहे ना रे? सात पिढ्या सांग बघू."

मोल्दोकुनने सात बापजाद्यांची नावं धडाधड म्हटली, थांब म्हणेपर्यंत अकरावर पोचला, वर कोण कुठल्या लढाईत पडला तेही सांगितलं. इमानकुलने टोपी सारखी केली. "डोकं तर लखलखीत आहे तुझं. म्हणजे मनच काळं झालं म्हणायचं." आणि चहा न पिताच गेला.

मोल्दोकुन खूश दिसत होता. गावाने आपल्याला उद्धट म्हणावं, वेडा म्हणू नये. अनिपाच्या मनात आलं, उद्धट माणसाची मुलगी परत माहेरी येईल तरी का?

हिवाळा लागला. ती बघत राहिली. पूर्वी तो ढांगा टाकत चालायचा, आता पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत, आखूड पावलं टाकायचा. चहा करायला बसला की आधी दूध की आधी मीठ यावर अडून राहायचा, पण तिने "मीठ" म्हटलं की बाकीचं झरझर व्हायचं. कुणाच्या लग्नाचा किस्सा सांगताना हसता हसता डोळ्यांतून पाणी यायचं आणि थांबायचंच नाही. नमाजाला बसली की अनिपा शेवटी म्हणायची, अल्ला, हे काय आहे ते मला कळू दे, मग मी बघते. नशीब बदल म्हणण्याइतकी ती धीट नव्हती. फक्त कळू दे.

आणि एका सकाळी त्याने त्याच बदनाम घोड्यावर खोगीर चढवलं आणि पोटाचा पट्टा आवळायलाच विसरला. रिकिबीत पाय टाकला, खोगीर फिरलं, आणि मोल्दोकुन बर्फात पालथा. घोडा वळून बघत राहिला. अनिपाला आधी हसू आलं, कारण दृश्यच तसं होतं. मग तिला सुचलं की हीच वेळ आहे.

"गुडघा सुजलाय तुमचा. दवाखान्यात दाखवू."

"कुठे सुजलाय?"

"तुम्हाला दिसत नाही. मला दिसतो."

गुडघ्यासाठी जायला त्याची हरकत नव्हती. पण गाडीत बसताना त्याने बोट उगारलं. "डोक्याचा विषय काढायचा नाही, म्हातारे. त्या व्याह्याचाही नाही. काढलास तर तिथूनच परत फिरेन."

"नाही काढणार," अनिपा म्हणाली, आणि तिने तो शब्द पाळला. डॉक्टरांनी विचारलं तर खोटं बोलेन, असं मात्र तिने कबूल केलं नव्हतं.

तिथे डॉक्टर चोलपोन म्हणून एक तरुण बाई होती, शेजारच्या खोऱ्यातली. तो दारातून खुर्चीपर्यंत चालत आला तेवढ्यात तिने गुडघा सोडून बाकी सगळं पाहून घेतलं. दंडाला पट्टा बांधला, आकडा बघून पुन्हा बांधला.

"बाबा, इतक्या प्रेशरवर लोक बोलत नाहीत, आडवे असतात. लघवीला घाईने पळावं लागतं का?"

"पोरी, तुझ्या वयाच्या मुलींशी मी असलं बोलत नाही."

"पळावं लागतं," अनिपा म्हणाली.

मग डॉक्टर तिच्याकडे वळली. "आपा, हे हळूहळू उतरत गेलं की धपकन खाली आलं?"

असा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता, आणि उत्तर मात्र तयार होतं. "धपकन. गेल्या वर्षी गवत कापणीच्या वेळी अर्धा दिवस जीभ जड झाली होती. थंडी बाधली म्हणून मी लोकरीत गुंडाळून ठेवलं. त्यानंतर कुरणावर तंबू उभारताना भिंतीआधी छताच्या काठ्या घेऊन उभे. मग बरेच दिवस तसंच, बरं नाही आणि वाईटही नाही. मग शरदात पुन्हा." इथे ती थांबली. "आणि आता खोगीर."

"जिना उतरल्यासारखं," डॉक्टर म्हणाली.

"माझी आठवण पक्की आहे," मोल्दोकुन म्हणाला आणि न विचारताच पिढ्या सुरू केल्या. डॉक्टरने शेवटपर्यंत ऐकलं. "माझ्या मला चारच येतात," ती म्हणाली. "आता एक घड्याळ काढा बरं. आकडे घाला, काटे घाला." त्याने गोल छान काढला आणि सगळे आकडे एकाच अंगाला दाटीवाटीने कोंबले, जशी थंडीत मेंढरं.

"मी घड्याळ वापरत नाही. मी सूर्य बघतो."

"बरोबर आहे तुमचं. मग तुमच्या कामातलं विचारते. तुम्ही नावाजलेले कशात?"

तो ताठ बसला. "वाटे लावण्यात. विचार कुणालाही."

"मग कमरेचं हाड कुणाला?"

"व्याह्याला."

"छातीचा तुकडा?"

"जावयाला. हे काय प्रश्न झाले? हे तर शेंबड्या पोरालाही कळतं."

"आता माझ्या घरी मेंढी कापलीय असं समजा. माझे मोठे काका आलेत, आई आहे, भावाचे सासरे आहेत, माझा नवरा आहे आणि दाराशी एक ड्रायव्हर. सगळ्यांची ताटं लावा."

मोल्दोकुनने बाह्या सरसावल्या. कमरेचं हाड काकांना दिलं. मग सासऱ्यांना दिलं. मग आईला मांडी, नवऱ्याला... तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ड्रायव्हरला माकडहाड गेलं आणि आईच्या ताटात काहीच नाही. त्याची बोटं हवेत होती. ती तशीच हळूहळू मांडीवर उतरली. अनिपाने खिडकीबाहेर पाहिलं, कारण त्याच्याकडे पाहिलं असतं तर तिने तिथेच त्याला मिठी मारली असती, आणि ते त्याला अजिबात आवडलं नसतं.

"बाबा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही काही विसरला नाहीत. एकेक विचारलं तर सगळं येतं. सगळं एकदम धरायला गेलं की हातातून निसटतं. हा विसरभोळेपणा नव्हे, आणि हेकटपणा तर नाहीच."

हेकटपणा हा शब्द तिने सहज वापरला होता. मोल्दोकुनने मात्र बायकोकडे पाहिलं. "मुद्दाम केलं असंच म्हणू दे की मला," तो म्हणाला.

पुढे रक्त तपासलं, साखर, थायरॉईड, जीवनसत्त्वं, सगळं. दुसरं काही असेल आणि ते बरं होण्यासारखं असेल तर हुकायला नको, असं डॉक्टरचं म्हणणं. मग मोठ्या शहरात जाऊन मेंदूचा फोटो काढला. फोटोत जागोजागी बारीक बारीक डाग होते. चोलपोनने तो खिडकीच्या उजेडात धरला.

"बाबा, तुम्ही पाटाचं पाणी फिरवलंय ना? मोठा पाट वाहता असतो, पण शेवटच्या बारीक नाल्या गाळाने बुजतात. मग तेवढेच तुकडे सुकतात. शेत हिरवं दिसतं, पण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पाणी जात नाही. तुमच्या डोक्यात तसं झालंय. वर्षानुवर्षं प्रेशर चढलेलं, त्याने बारीक रक्तवाहिन्या बुजल्या. रक्तवाहिन्यांमुळे येणारा स्मृतिभ्रंश म्हणतात याला. अजून सुरुवात आहे."

"पण माझी स्मृती तर..."

"पक्की आहे, मान्य. आजाराला नाव देणाऱ्याने तुम्हाला विचारलं नव्हतं."

तो हसला. मग विचारलं, "सुकलेलं पुन्हा ओलं होतं का?"

"ते नाही होणार," ती म्हणाली. गोड बोलून फसवण्यातली ती नव्हती. "पण राहिलेल्या नाल्या वाहत्या ठेवता येतील. पुढची पायरी लांब ढकलायची. गोळी रोज, पाकीट संपलं की दुसरं. मीठ कमी, चरबी कमी, तंबाखू बंद, आणि रोज चालायचं."

"मीठ नाही, चरबी नाही," मोल्दोकुन परतीच्या वाटेवर बराच वेळ पुटपुटत होता. "मग मेंढीने जन्माला तरी कशाला यायचं?"

अनिपाला हलकं वाटत होतं आणि त्याची तिला लाजही वाटत होती. आजाराला नाव मिळालं होतं. आता एसेनकुलला एक निरोप धाडला की काम फत्ते. तिने तसं सुचवून पाहिलं.

"धाडलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही," तो म्हणाला. "मोल्दोकुनचं डोकं गेलं असं खोऱ्यात म्हटलं की झालं. मग माझ्या हातात सुरी कोण देणार? मला दाराशी बसवतील आणि लापशी भरवतील. त्यापेक्षा भांडखोर बरा."

ती गोळ्या देत राहिली, चहात मीठ चिमटीचिमटीने कमी करत राहिली. त्याला वाटायचं, या वर्षी मीठच पाणचट आलंय.

वसंतात बुरुलचाचा फोन आला. दोरी कापायचं ठरलं होतं. सासूने नवऱ्याशी भांडून आमंत्रण मिळवलं होतं, पण एकट्या अनिपाला. "बाबांचं नाव काढलं तर सासरे उठून जातात, आपा."

"तू जा," मोल्दोकुन म्हणाला. "बघून ये आणि मला सांग, आधी कुठला पाय टाकला ते."

त्या दिवशी अनिपा चांगला रुमाल बांधून दारात आली तर तो अंगणात उभा, पांढरी उंच टोपी घालून, काठी घेऊन.

"मला बोलावलं नाही हे ठाऊक आहे. मी आजोबा म्हणून येतोय, व्याही म्हणून नाही."

"तिथे अपमान झाला तर?"

"झाला तर झाला. आपल्यालाही तो येतोच की करता."

एसेनकुलने त्याला हाकललं नाही. दारी आलेल्या म्हाताऱ्याला हाकलण्याइतकं आमचं खोरं घसरलेलं नाही. पण त्याने हात पुढे केला तो दोन बोटांचा. अंगणात नातवाला उभं केलं होतं, गोबरे पाय काळ्या-पांढऱ्या दोऱ्याने बांधलेले, तोंड रडवेलं. दूरवरून गावची मुलं किंचाळत धावत आली. पहिल्या मुलीने धापा टाकत दोरा कापला, दोन्हीकडून दोघींनी हात धरले, आणि बाळाने डावा पाय टाकला, मग उजवा, मग फतकल मारली. मोल्दोकुनचे डोळे गळायला लागले ते थांबेनात.

"माझ्याही पायात तो दोरा आहे," तो अनिपाच्या कानाशी म्हणाला. "तुलाच फक्त दिसतो."

"दिसतो. पण तुम्ही धावायला लागलात तर मी कुठे कुठे शोधू? हळूच चाला."

मग जेवण. ताटं फिरली. आणि मोल्दोकुनच्या पुढ्यात जे ताट आलं त्यात होता छातीचा तुकडा.

सगळ्यांनी पाहिलं. एसेनकुल मानाच्या जागेवर मिशीला पीळ देत बसला होता, समोर त्याचं कमरेचं हाड. अख्खा हिवाळा तो याच घटकेची वाट बघत असणार. बुरुलचा चहाची किटली हातात धरून जागच्या जागी गोठली. अनिपाला उठून ओरडावंसं वाटलं की माणूस आजारी आहे हो माझा. शब्द ओठापर्यंत आले. आणि तिथेच तिने ते धरून ठेवले, कारण ते त्याचे होते, तिचे नव्हते.

मोल्दोकुन ताटाकडे बघत राहिला. मग हसायला लागला. पोट धरून, डोळे पुसत, मोठ्याने.

"कुदा," तो म्हणाला, "छान केलंत. हे तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"मुद्दाम केलं," एसेनकुल म्हणाला.

"हाच फरक आहे तुमच्यात नि माझ्यात. मी मुद्दाम केलं नव्हतं." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझ्या डोक्यातल्या बारीक नाल्या बुजल्यात. डॉक्टरने फोटो काढून दाखवलाय. सात पिढ्या येतात, पण पाच ताटं लावता येत नाहीत. त्या दिवशी तुमच्या पुढ्यात काय गेलं ते मला तुम्ही बोललात तेव्हा कळलं. लाज वाटली, म्हणून मुद्दाम केलं म्हणालो."

चूल फुरफुरत होती. एसेनकुलचा हात मिशीवरच राहिला होता.

"मग," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज बसला होता, "त्या लंगड्या घोड्यावरून अख्खा हिवाळा माझी अब्रू का काढलीत?"

"घोडा लंगडाच होता."

"खुरात खडा होता त्याच्या."

"तेव्हा लंगडाच."

एसेनकुलच्या बायकोने रुमालाआड तोंड लपवलं. मग दाराशी कुणीतरी हसलं, पण हे हसणं वेगळं होतं. एसेनकुल उठला, आपलं ताट उचललं, मोल्दोकुनच्या शेजारी येऊन बसला आणि ताटं बदलली. छातीचा तुकडा त्याने दोन्ही हातांत धरून खाल्ला, सगळ्यांच्या देखत, बोटं चाटत.

"चव चांगली असते," तो म्हणाला. "उगाच जावयांना देतो आपण."

मोल्दोकुनने कमरेच्या हाडावरची चरबी सुरीने बाजूला काढली. अनिपाने ते पाहिलं आणि मनातल्या मनात हात जोडले.

निघताना तिची विहीण तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "विहीणबाई, आमचे हेही रात्रंदिवस डोक्याला रुमाल आवळून असतात. त्या डॉक्टरीणबाईंचं नाव काय म्हणालात?" पुढच्या खेपेला चोलपोनच्या खुर्चीसमोर दोघे व्याही शेजारी शेजारी बसले होते, दंड उघडे करून, आणि कुणाचा आकडा मोठा यावर त्यांची पैज लागली होती. एसेनकुल जिंकला. त्याला गोळ्या मिळाल्या.

मोल्दोकुनला पुढेही कार्याला बोलावणं येतं. काही लोक कुजबुजतात, कुजबुजणाऱ्यांना कोण अडवणार? पण सुरी त्याच्याच हातात देतात. एसेनकुल त्याच्या शेजारी मांडी घालून बसतो आणि मोठ्याने विचारतो, "कुदा, या घरात कमरेचं हाड कुणाचं?" मोल्दोकुन उत्तर देतो, ताट जातं. "आणि माकडहाड?" ते जातं. एका वेळी एकच. वेळ लागतो, मटण जरा निवतं. पण आपलं नाव, आपली पायरी अशी सगळ्यांसमोर मोठ्याने घेतली जाते हे पाहुण्यांना भारी आवडलंय. पलीकडच्या गावात तर वाटे लावणारे तरणेही आता असंच विचारून विचारून वाटतात म्हणे. थोरांची जुनी रीत आहे, असं सांगतात.

परवा एका कार्यात वाटे लावून झाले. अनिपा बायकांत बसली होती. तिच्या ताटात आलेल्या फासळीखाली काहीतरी लागलं. गुरदा. हे तर एसेनकुलने विचारलं नव्हतं. तिने मान वर केली. मोल्दोकुन व्याह्याशी बोलत होता आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होता.